पाचवा पॉइंट

"वरच्या खोलीला नको. लोड येतो."

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे इतक्या अधिकाराने सांगितलं, की शिडीवर चढलेला वायरमन अर्ध्यातच थांबला. दोन मिनिटांपूर्वी तोच म्हणाला होता, की या इन्व्हर्टरवर पाच पॉइंट आरामात चालतील. आता त्याने आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या चहाच्या ट्रेकडे पाहिलं, आणि मजुरी कोण देणार हे ओळखून मान डोलावली.

"बरोबर आहे आबा. लोड तर येतोच. मग कुठले चार काढू?"

आबा हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि बोटाने दाखवू लागले. हॉलचा पंखा. हॉलची ट्यूब. टीव्ही. देवघरातला दिवा. झाले चार. आबांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेलेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची हे एकदा त्यांनी ठरवलं की ड्रायव्हरने तोंड उघडायचं नाही. निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, पण फलाट वाटायची सवय तशीच राहिली.

मी सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ट्रे टीपॉयवर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तुषार इन्व्हर्टरच्या खोक्यावरचा मजकूर वाचण्यात गर्क होता. तो असा एकदम काही वाचायला लागला की समजायचं, त्याला काहीतरी ऐकायचं नाहीये.

वरची खोली म्हणजे आमची खोली. आणि तो इन्व्हर्टर माझ्या वडिलांनी दिलेला होता. माझ्यासाठी.

ज्यांनी भारनियमनाचे ते दिवस पाहिले नाहीत, त्यांना आता सांगून पटायचं नाही. माझी मुलगी आज एसी लावते आणि वर गोधडी घेऊन झोपते. मी ओरडले की म्हणते, "आई, तुला काय कळतं थंडीतलं?" तिला काय सांगू? चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावात तेव्हा लाइट असणं ही बातमी होती. सकाळी जायची, दुपारी जायची, आणि वेळापत्रक पाठ होतं न होतं तोच बदलायचं. त्यात खानदेशचा उन्हाळा. आमची खोली गच्चीलगत, डोक्यावर उघडा स्लॅब. दुपारी पंखा बंद पडला की तासाभरात भिंतीला हात लावता येत नसे. उशी उलटावी, तर दुसरी बाजूही तापलेली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण माझं माहेर म्हणजे शिरपूरचं दोन खोल्यांचं घर आणि त्यात एकटे नाना. आई माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. भावंड नाही. नाना शाळेत प्रयोगशाळा सहायक. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, संध्याकाळी येऊन स्वतःपुरती भाकरी थापायची. पुरुषमाणसाच्या घरात बाळंतीण कोण सांभाळणार? तेव्हा बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. नाना "बरं" म्हणाले, पण ते त्यांच्या मनाला किती लागलंय, हे मला फोनवरही कळत होतं. मुलीला बाळंतपणालासुद्धा घरी नेता येत नाही, हे काही थोडं दुःख नाही.

डोहाळजेवणाला ते टेम्पो घेऊन आले. टेम्पोत इन्व्हर्टर, बॅटरी आणि बॅटरी ठेवायची लोखंडी ट्रॉली. मी हिरवी साडी नेसून, अंगभर फुलांचे दागिने घालून पाटावर बसले होते. दारात टेम्पो उभा राहिलेला पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला लगेच उमगलं, हा पंखा आहे. नानांनी माझ्यासाठी दुपारचा पंखा आणलाय.

पण घोळ तिथेच झाला. आमच्यात मुलीच्या बापाने काही दिलं तर ते मुलीच्या हातात देत नाहीत. व्याह्यांना टिळा लावायचा, टोपी-नारळ द्यायचा आणि वस्तू त्यांच्या स्वाधीन करायची. नानांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. नारळ आबांच्या हातात ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "आबासाहेब, आपल्या घरासाठी छोटीशी भेट. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

मी पाटावरून मनात ओरडत होते, नाना, म्हणा ना, ज्योत्स्नाच्या खोलीसाठी! एवढे दोन शब्द! पण मुलीच्या बापाची जीभ व्याह्यांसमोर रेटत नाही. त्यांना वाटलं असणार, सातव्या महिन्यातली सून घरात असताना पंखा कुठे लागेल हे काय सांगायची गोष्ट आहे?

आबांनी त्यांचा शब्द न् शब्द पाळला. त्यांना योग्य वाटलं तसंच केलं.

त्या दिवसापासून आमच्या हॉलला दरबाराची कळा आली. लाइट गेली रे गेली, की समोरचे गोकुळशेठ आणि मागच्या गल्लीतले चौधरी गुरुजी टॉवेलने मान पुसत हजर. आबा इन्व्हर्टरवर टाकलेलं क्रोशाचं कव्हर जरा वर उचलत, हिरवा दिवा लागलाय का बघत आणि "बसा, बसा, आता तीन तास बघायला नको" असं म्हणून टीव्ही लावत. टीव्ही बातम्यांसाठी आहे असं त्यांचं म्हणणं होतं. पण दुपारी रात्रीच्या मालिका पुन्हा लागत, आणि कुठल्या सुनेने कुठल्या सासूला कसं छळलं यावर तिघांची चर्चा ऐकली असती, तर कोणालाही वाटलं असतं, यांच्या घरच्या सुना अगदी तळहातावर ठेवलेल्या आहेत.

आणि मी? मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी चहा करत होते. बाहेर रस्त्यावर डांबर वितळतंय, आत गॅस पेटलाय, वर पंखा नाही, पोटात बाळ लाथा मारतंय, आणि माझ्या बापाच्या पंख्याखाली बसून गोकुळशेठ आवाज देतायत, "सूनबाई, साखर जरा कमी हं!"

हॉलमध्ये मीही बसू शकले असते, असं कोणी म्हणेल. नव्हते बसू शकत. ती बैठक होती. पुरुषमाणसं असताना सुनेने तिथे लवंडायचं, हे त्या घराच्या स्वप्नातही नव्हतं. सासूबाईसुद्धा दुपारी स्वयंपाकघरातल्या फरशीवर पाणी शिंपडून, ओला पंचा अंगावर घेऊन पडत. मी काही बोलले तर म्हणत, "आपल्या बायकांना कुठे लागतो गं पंखा? पाठ टेकली की झोप येते." त्यांना खरंच येत असे. मला येत नसे. मी जिना चढून वर जायची आणि तुषारच्या शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा घेऊन स्वतःला वारा घालत बसायची. हात दुखला की थांबायचं, घाम आला की पुन्हा सुरू.

आठव्या महिन्यात पाय सुजले. रक्तदाब वाढला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "दुपारचं पडून राहायचं, आणि हवेशीर जागेत. त्या गच्चीखालच्या खोलीत हिला चक्कर आली आणि जिन्यावरून पडली, तर मी काही करू शकणार नाही. बाळाचं काही बरंवाईट झालं तर मला बोलायचं नाही." तुषार बरोबर होता. त्याने सगळं ऐकलं. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "आता तरी आबांशी बोला."

"बोलतो ना."

"कधी?"

"बघतो ना. त्यांचा मूड बघून."

चार दिवसांनी त्याला मूड सापडला. मी जिन्याच्या वळणावर उभी राहून ऐकत होते. "आबा, वरच्या खोलीला एक पॉइंट दिला तर..." एवढंच तो म्हणाला.

"लोड येतो," आबा म्हणाले. "परवा टीव्ही चालू असताना तुझ्या आईने त्याच बोर्डावर मिक्सर लावला, तर इन्व्हर्टर कसा शिट्टी मारायला लागला? आणखी एक पंखा टाकला की बॅटरी बसलीच समज. वस्तू व्याह्यांनी दिलीय. खराब झाली तर त्यांना काय तोंड दाखवायचं?"

म्हणजे माझ्या बापाच्या मानासाठी मी उकडून निघायचं! मला हसावं की रडावं कळेना. तुषार वर आला आणि म्हणाला, "त्यांचंही बरोबर आहे गं एका अर्थी." मी तो पुठ्ठा त्याच्या अंगावर फेकला. तो उचलून त्याने मला वारा घातला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. पण दुपारी तो दुकानावर असे, आणि पंखा बंद पडे तो दुपारी.

असे दिवस ढकलत आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकींचा सण. झाडांना झोके बांधतात, सगळ्या माहेरवाशिणी घरी येतात, दिवसभर गाणी म्हणतात. मला जाता येणार नव्हतं. म्हणून नानांनी फोन केला, "आखाजीला घरी घागर भरतो, पितरांचं करतो, आणि दुसऱ्या दिवशी मीच येतो तुझ्याकडे. पंखा चालतोय ना व्यवस्थित?"

दर फोनला ते हेच विचारत. आणि दर फोनला मी म्हणत असे, "हो नाना, मस्त चालतोय." खोटं नव्हतं. कुठला चालतोय ते त्यांनी विचारलं नव्हतं.

पण आता ते स्वतः येणार होते. त्यांनी ती खोली पाहायला नको. बाकी काही झालं तरी चालेल, उकडून जीव गेला तरी चालेल, पण आपण दिलेल्या पंख्याचा वारा लेकीला लागत नाही, हे नानांना कळायला नको. आईच्या माघारी त्यांनी मनात धरून एकच गोष्ट केली होती. मी ठरवलं, त्यांना हॉलमध्ये बसवायचं, आमरस वाढायचा आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून द्यायचं. जिन्याकडे फिरकू द्यायचं नाही.

नाना आले ते घामाने निथळत. एका हातात आंब्यांची करंडी, दुसऱ्या हातात शेजारच्या काकूंनी करून दिलेल्या सांजोऱ्यांचा डबा. आबांनी दारातच त्यांचा हात धरला. आबा पाहुणचाराला कधी कमी नव्हते, हेही सांगितलं पाहिजे.

"या नानासाहेब! इथे बसा. तुमच्याच पंख्याखाली बसा!"

लाइट नुकतीच गेली होती. पंखा गरगरत होता, टीव्ही चालू होता, गोकुळशेठ आणि गुरुजी पाय पसरून बसले होते. नानांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की माझा जीव भांड्यात पडला.

"चांगला वारा लागतो हो," ते म्हणाले. "किती पॉइंट काढलेत?"

"चार. जास्त काढले तर लोड येतो."

"हो का? बरं झालं विचारून काढलेत." नाना माझ्याकडे वळले. "पाय किती सुजलेत गं तुझे?"

"होतं असं या दिवसांत," मी म्हटलं आणि आत पळाले.

जेवणं झाली. आमरस, मांडे, वर कुरडई. आबांनी आग्रह करकरून वाढायला लावलं. मी रसाची पातेली आवरत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा तुझी खोली पाहून येतो गं. पडतेस कुठे, हवा कशी येते, बघतो."

"नाना, थांबा ना, पान..."

पण ते जिना चढायला लागलेसुद्धा. मी तांब्या-भांडं घेऊन मागोमाग निघाले, पण त्या पोटाने मी किती भराभर चढणार? वळणावर पोचले तेव्हा ते खोलीत गेले होते. अर्धं दार उघडं होतं. मला आतलं दिसत होतं.

नानांनी पंख्याचं बटण दाबलं. वर पाहिलं. पुन्हा दाबलं. मग ट्यूबचं दाबून पाहिलं, मग परत पंख्याचं. मग ते पलंगावर बसले. उशाशी माझा पुठ्ठा पडला होता. त्यांनी तो हातात घेतला. रोज धरून धरून त्याची एक कड पार मऊ पडली होती, तिच्यावर त्यांनी बोट फिरवलं. नंतर तो जसा होता तसाच, अगदी त्याच जागी ठेवून दिला. त्यांच्या सदऱ्यावर पाठभर घामाचा डाग पसरला होता. तरी ते तिथे बसूनच राहिले.

मी आवाज न करता खाली उतरले.

नाना खाली आले आणि हॉलच्या दाराशी उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. सासूबाई माझ्या मागे.

"काय नानासाहेब, पाहिली खोली?" आबांनी विचारलं. ते टीव्हीकडेच बघत होते, पण रिमोटवरचा अंगठा थांबला होता.

"पाहिली. झकास आहे," नाना म्हणाले. "पंखाही मस्त चालतोय. गार वारा येतो. माझी काळजीच मिटली."

गोकुळशेठ उगाचच खोकले. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. आबांची मान हळूहळू खाली गेली. त्या खोलीतला पंखा चालत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि घामाने भिजलेला माझा बाप सगळ्यांसमोर गार वारा येतो म्हणून सांगत होता. कशासाठी? तर माझ्या सासऱ्यांना खाली बघायला लागू नये म्हणून. मला पुढे त्या घरात राहायचं होतं म्हणून.

इतके दिवस मी सगळं गिळलं होतं. चहा केला, जिने चढले, फोनवर हो हो म्हटलं. पण हे मला गिळता येईना.

"नाना, पंखा बंद आहे."

"ज्योत्स्ना..."

"बंद आहे. तुम्ही बटण दाबून पाहिलंत. मी जिन्यात होते. लाइट गेली की तो बंदच असतो, पहिल्या दिवसापासून. त्यावर लोड येतो. टीव्हीवर येत नाही, गोकुळकाकांवर येत नाही, फक्त माझ्यावर येतो! डॉक्टरीणबाई सांगून थकल्या. चक्कर येऊन पडले तर बाळाला धोका आहे म्हणाल्या. या घरात कोणाला ऐकूच गेलं नाही ते. आणि वरून तुम्ही खोटं बोलताय? तुम्ही कशाला खोटं बोलताय नाना?"

माझा आवाज चढला होता आणि मी रडत होते, दोन्ही एकदम. त्या घरात सुनेचा आवाज हॉलपर्यंत आलेला तो पहिलाच.

"सूनबाई," आबा म्हणाले, "चार माणसांत हे काय..."

आणि तेवढ्यात नानांनी हात जोडले. माझ्याकडे बघून नाही, आबांकडे बघून. "आबासाहेब, मनावर घेऊ नका. आई नाही तिला. सांगायला-सवरायला घरात बाईमाणूस राहिलं नाही. मी तिच्या वतीने माफी मागतो."

मी आता काय बोलले असते, माझं मलाच ठाऊक नाही. पण मला बाजूला सारून सासूबाई पुढे आल्या. त्या तडक जिन्याकडे गेल्या. गुडघ्यांमुळे त्यांनी वर जाणं कधीच सोडलं होतं. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत त्या चढल्या. आम्ही सगळे खालून बघत राहिलो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग वरून धपकन आवाज झाला आणि आमच्या पलंगावरची गादी जिन्यावरून घरंगळत खाली आली. तिच्या मागून उशी. तिच्या मागून सासूबाई, पदराने तोंड पुसत.

"ओ माय! ती खोली आहे का भट्टी?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी गादी ओढत हॉलमध्ये नेली, टीपॉय पायाने बाजूला सारला आणि बरोबर पंख्याखाली गादी पसरली. "गोकुळभाऊ, पाय घ्या जरा. गुरुजी, तुम्ही ओट्यावर बसा, तिथे सावली आहे."

"अगं, हे काय चाललंय?" आबा उठून उभे राहिले. "ही बैठक आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, व्याह्यांनी इन्व्हर्टर चांगला दिला." सासूबाईंनी उशी नीट केली. "तुमचा पॉइंट हलत नाही ना? नका हलवू. लोड येईल. माणूस हलवता येतं. ये गं, पड इथे."

मी पडले. लाजेने मेल्यासारखं झालं होतं, पण पाठ गादीला लागली, वरून वारा आला आणि लाज कुठल्या कुठे गेली. गोकुळशेठ आणि गुरुजी चपला शोधत बाहेर पडले. आबा क्षणभर रिमोट हातात धरून उभे होते. मग तो टीव्हीवर ठेवून तेही ओट्यावर गेले.

नाना माझ्या पायथ्याशी बसले. पंखा भरधाव फिरत होता, तरी त्यांनी टीपॉयवरचं वर्तमानपत्र घडी करून मला वारा घालायला सुरुवात केली.

"नाना, पंखा चालू आहे."

"असू दे." थोड्या वेळाने म्हणाले, "नारळ देताना म्हणणार होतो गं, हिच्या खोलीला लावा. टेम्पोत सगळ्या रस्त्याने घोकत आलो होतो. पण तिथे उभं राहिल्यावर तोंडातून निघेना. तुझी आई असती तर म्हणाली असती."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी दुसऱ्या हाताने वारा घालणं सोडलं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या हॉलमध्ये माझा मुक्काम होता. रिमोट माझ्याकडे. दरबार ओट्यावर. ओट्यावर दुपारी झळा लागत, त्यामुळे दरबारी एक एक करून कमी झाले आणि शेवटी आबा एकटेच उरले. सून आडवी असताना ते आपल्याच हॉलमध्ये येईनात. माझ्याशी बोलत नव्हते, सासूबाईंशीही नाही. मालिकेत पुढे काय झालं हे मात्र खिडकीतून ऐकण्याचा प्रयत्न चाले. मी मुद्दाम आवाज बारीक करत असे. इतके दिवस उकडले होते मी, एवढं तर ते माझं देणं लागतच होते.

मग एका दुपारी लाइट गेली आणि आबा ओट्यावर दिसेनात. सासूबाईंनी गल्लीत डोकावून पाहिलं. चपला दारातच होत्या. बऱ्याच वेळाने ते जिन्यावरून उतरले. सदरा अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद. वरच्या खोलीत जाऊन, दार लोटून बसले होते. आमच्यापैकी कोणाकडे न बघता ते माठाशी गेले, लागोपाठ दोन भांडी पाणी प्यायले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तुषार आला की त्याला म्हणावं, वायरमनला बोलाव. टीव्हीचा पॉइंट काढून वर द्यायचाय."

दुसऱ्या दिवशी वायरमन शिडी घेऊन आला. त्याला मागचं सगळं लक्षात होतं. "आबा, वर पंखा टाकला तर लोड येईल हां," तो आपणहून म्हणाला, आबा खूश होतील या आशेने.

"येऊ दे," आबा म्हणाले.

मुलगी झाली. सुखरूप झाली. आम्ही दवाखान्यातून घरी आलो आणि बाराव्या दिवशी बारसं ठरलं. नाना पहाटेच्या गाडीने आले. दारात पाय धुतले, व्याह्यांना नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "लाइट कधी जाते आज?"

"अकराला जाते," तुषार म्हणाला.

अकरा वाजले. लाइट गेली नाही. साडेअकरा झाले. बायका जमल्या, पाळणा सजला, घुगऱ्या तयार. लाइट आपली आहे ती आहेच. जेवणाची पानं मांडली तर नाना बसेनात. "लाइट जाऊ द्या, मग बसतो," म्हणाले. मानाचे व्याही बसत नाहीत म्हणून आबा बसेनात. आबा बसत नाहीत म्हणून बाकीचे पुरुष ताटकळले. सासूबाई भात गार होतोय म्हणून करवादल्या. ज्या लाइटच्या नावाने आम्ही वर्षभर बोटं मोडली, ती आज जात नाही म्हणून अख्खं घर चिडून बसलं होतं. शेवटी आबा स्वतः ओट्यावर गेले आणि गोकुळशेठना ओरडून विचारू लागले, "अहो, तुमच्याकडे पण आहे का अजून?"

मी वरच्या खोलीत होते, बाळाला घेऊन. नाना जिना चढून आले आणि पंख्याखाली उभे राहिले. पंखा फिरत होता, ट्यूब जळत होती. ते वर बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होते.

टक् झालं. ट्यूब विझली. खाली हॉलमधून आरडाओरडा ऐकू आला, "गेली! गेली! पानं घ्या!"

पंखा फिरतच राहिला.

नाना मान वर करून तसेच उभे होते. जिन्यावर पावलं वाजली, आणि आबा दाराशी येऊन थांबले. धाप लागली होती त्यांना. आत आले नाहीत.

"काय नानासाहेब?" त्यांनी विचारलं. "कसा आहे?"

नानांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले.

"मस्त चालतोय," ते म्हणाले. "गार वारा येतो."

मग त्यांनी नातीला घेण्यासाठी माझ्यापुढे दोन्ही हात केले.